कोल्हापुरात मिळणारा ‘समुद्राचा सेट’: रॉड ठेवा, गळ बदला

मालवण-देवगडकडे गळ टाकायला जाणाऱ्या हौशी मंडळींसाठी कोल्हापुरातल्या सामानाच्या दुकानांत ‘समुद्राचा सेट’ म्हणून तयार पिशवी मिळते. आत सात फुटी, दोन तुकड्यांचा फायबरचा रॉड, ४००० नंबरचं स्पिनिंग रील, त्यावर आधीच गुंडाळलेला ०.४० मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा), स्टेनलेस स्टीलच्या गळांची पुडी, दोन तिहेरी गळ, शिशाचे चार गोळे, थोडी स्विव्हलं (दोऱ्याला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या) आणि प्लॅस्टिकचे दोन नकली मासे असतात. शिक्का दुकानागणिक बदलतो, माल जवळपास तोच. घासाघीस करून दोन ते अडीच हजारांत बसतो.

या पैशांत रॉड आणि रील चांगलं आहे, पण पिशवीतलं बाकीचं सामान मालवणच्या खडकाळ पाण्यासाठी नाही. ते तसंच वापरलं तर मासा कमी मिळतो आणि खडकावरचं प्रवाळ तंगुसाच्या गुंत्यात जास्त अडकतं. सेट कुठे वापरायचा नाही हे तर पिशवीवर कुठेच छापलेलं नसतं, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. सुरुवात तिथूनच करू.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ आणि बाकी २५.९४ बफर. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आसपासचे पाण्याखालचे खडक येतात. बफरची ईशान्य हद्द मालवण बंदरापासून जेमतेम ५० मीटरवर आहे. बंदरात उभं राहून सात फुटी रॉडने ६० ग्रॅमचं शिसं नीट फेकलं तर ते ५० मीटर सहज जातं. म्हणजे पाय हद्दीबाहेर आणि गळ हद्दीत. पाण्यात कुंपण नसतं, त्यामुळे अनेकांच्या हे लक्षातच येत नाही.

‘तिथले मच्छीमार टाकतातच की जाळी, मग आम्ही काय घोडं मारलंय?’ हा प्रश्न ठरलेला. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलम २६अ मध्ये समुद्रातल्या अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायला सांगितलं आहे. तिथे हौशी माणसाचा उल्लेख नाही. कोल्हापूरहून शनिवारी निघून रविवारी परतणाऱ्याने मच्छीमाराच्या सवलतीत शिरू नये, एवढं तरी सरळ आहे. दुसरा युक्तिवाद पर्ससीन, म्हणजे वेढा घालणारी मोठी जाळी, आणि एलईडीचे दिवे वापरणाऱ्या नौकावाल्यांबद्दलचा: ते टनांनी मासा नेतात आणि नियम आम्हाला. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी, त्यात वाद नाही. पण मोठी नौका किनाऱ्यालगतच्या खडकांत जाळं घालत नाही, ते फाटेल. तिथे जातो तो गळवालाच. गोब्रा, तांबोशीसारखे मासे वर्षानुवर्षं एकाच कपारीच्या आसपास राहतात. एका खडकावरचे मोठे मासे चार रविवारांत उचलले की तो खडक बराच काळ रिकामा राहतो.

गळ टाकायला जागा मात्र भरपूर आहे. कोळंब खाडी, आचऱ्याजवळची कालावल खाडी, देवबागला कर्ली नदीचा संगम इथे याच सात फुटी रॉडला खरं काम मिळतं. मुडदुशी, शेवटा, काळुंदर, शेंगाळा आणि नशीब असेल तर खजुरी, म्हणजे आपल्याकडे हॉटेलात जिताडा म्हणतात तो. नेमकी हद्द मालवणात कांदळवन कक्षाकडे किंवा वनविभागाकडे विचारून घ्यावी. होडीवाल्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये, त्याला भाडं हवं असतं. तारकर्ली-देवबागच्या वाळूवर हा रॉड तोकडा पडतो. फुटणाऱ्या लाटांपलीकडे तंगूस उचलून धरायला दहा-बारा फुटी रॉड लागतो. आणि किनाऱ्यावर रापण (माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर गळ आवरून बाजूला व्हायचं. रापणीत अडकलेला गळ ओढणाऱ्याच्या हातात घुसतो.

एक धोक्याची जागा घाट उतरण्याआधीच लागते. राधानगरी-दाजीपूर-फोंडा रस्ता राधानगरी अभयारण्यातून जातो, क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर. नवा रॉड हातात आहे म्हणून धरणाच्या फुगवट्यावर गाडी थांबवून ‘जरा बघूया’ करणं म्हणजे अभयारण्यात गळ टाकणं. सराव करायचा तर मोकळ्या मैदानावर, गळ न लावता, नुसतं वजन बांधून करा. इतर तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, त्यांची परवानगी घ्यावी लागते.

आता पिशवीतल्या सामानाकडे. सर्वांत आधी गळ. स्टीलचे सरळ दांडीचे गळ मासा गिळतो आणि ते पोटात रुततात. छोटा मासा सोडायचा म्हटलं तरी तो मेल्यातच जमा, आणि स्टेनलेस स्टील सहसा गंजत नसल्याने गळ तसाच राहतो. पुडी दुकानात परत करून सर्कल हुक मागा. त्याचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं, त्यामुळे तो घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. घेताना टेबलावर आडवा ठेवून बघा. सपाट बसला तर बरोबर. टोक बाजूला कललेलं असेल तर तो घशात रुतू शकतो, घेऊ नका. साधा कार्बन स्टीलचाच घ्या, तो गंजून जातो. नंबरात गोंधळ होतो: तांबोशी-गोब्र्यासाठी २/० ते ४/०, मुडदुशीला ६ किंवा ८. शून्यवाल्यांत आकडा वाढला की गळ मोठा, साध्या आकड्यांत वाढला की लहान. पक्कडीने टोकामागचा उलटा काटा दाबून टाका. तंगूस ताणलेला ठेवला तर काट्याशिवाय मासा सुटत नाही.

सर्कल हुक निकामी आहे अशी तक्रार दुकानात नेहमी ऐकू येते. कारण बहुतेक वेळा हाताच्या सवयीत असतं. चावा जाणवला की आपण रॉडला हिसका देतो आणि हा गळ तोंडातून बाहेर येतो. इथे हिसका द्यायचाच नाही. तंगूस कडक होऊ द्यायचा, मग सावकाश रील फिरवायचं. आमिषही गळभर कोंबू नका. टोक आणि दांडी यांमधली जागा मोकळी नसेल तर गळ जबड्यावर बसणार कसा?

दुसरं वजनाची बांधणी. सेटमधल्या कागदावर शिसं मुख्य तंगुसालाच बांधलेलं दाखवलं आहे. वाळूवर ते चालेल. खडकात शिसं कपारीत अडकलं की ०.४० चा तंगूस, जो साधारण दहा किलोला तुटतो, वरच कुठेतरी तुटतो आणि वीस-तीस मीटर नायलॉन खाली राहतं. लाटेबरोबर ते हलत राहतं, प्रवाळावर घासतं, त्यात खेकडे अडकतात, आणि ते शेकडो वर्षं कुजत नाही. उपाय स्वस्त आहे. तिहेरी स्विव्हलच्या एका कडीला मुख्य तंगूस, दुसरीला गळाचा फूट-दीड फूट दोरा आणि तिसरीला ०.२५ मिमीच्या हलक्या तंगुसाने वजन बांधा. अडकलं तर हलका धागा तुटतो, फक्त वजन जातं, गळ आणि मासा हातात राहतो. फेकताना मात्र झटका देऊ नका, हलका धागा हवेतच तुटतो आणि वजन उडून कुणाला तरी लागतं. रॉड मागे नेऊन एका लयीत सोडा.

शिशाऐवजी लोखंडी नट वापरता येतो. वजन तेवढंच हवं असेल तर नट शिशाच्या सुमारे दीडपट मोठा दिसतो आणि प्रवाहात थोडा जास्त सरकतो. खाडीत ते पथ्यावरच पडतं. उद्यमनगरात नट किलोवर मिळतात, शिशापेक्षा स्वस्त. तिहेरी गळ नकली माशांवरूनही काढा आणि तिथे एकेरी लावा. तिहेरी गळ माशाच्या तोंडाबरोबर डोळ्यालाही लागतो, शिवाय खडकावरचं शेवाळ ओरबाडून आणतो.

रीलचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा तंगूस किती जोराला सुटावा हे ठरवणारा ब्रेक) आवळून विकतात, तो सैल करावा लागतो. तंगुसाच्या ताकदीचा चौथा हिस्सा, म्हणजे इथे अडीच किलोच्या आसपास. घरातला लटकवायचा वजनकाटा तंगुसाला बांधून ओढा, अडीचवर रील सुटायला लागलं की झालं. गाठ ओढण्याआधी ओली करायची, कोरडी गाठ घर्षणाने तापून तिथेच कच्ची होते. आलेला तंगूस बहुधा जुना असतो, दुकानातल्या उन्हाने कडक झालेला. नखाने दाबून खरखरीत लागला तर सरळ बदलून मागा.

मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर जात नाही. पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवू नका. गळ खोल गेला असेल तर उपटू नका, तोंडाजवळ दोरा कापून सोडा. होडीतून दहा-पंधरा मीटरहून खोल पाण्यात गोब्रा लागला तर वर येताना त्याची हवेची पिशवी फुगते. तो तरंगत राहतो, घारींना सापडतो. तोंडातून बाहेर आलेला फुगा सुरीने फोडायचा नाही, ते त्याचं जठर असतं. जबड्याला काटा नसलेल्या उलट्या गळाने वजन अडकवून त्याला खाली न्यायचं आणि तिथे दोरीला झटका देऊन सोडायचं. महाकाय गोब्रा आणि करवत मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, पाकट-मुशीच्या काही जातीही संरक्षित आहेत. ओळख पटत नसेल तर दोरा कापा, फोटोसाठीही होडीत घेऊ नका. बाकीच्यांसाठी राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींचा किमान आकार ठरवून दिला आहे. त्याची यादी मोबाइलमध्ये आणि एक मोजपट्टी पिशवीत असावी. सेटमध्ये ती नाही.

शेंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. लांब पक्कड घेतली तर ही वेळ सहसा येत नाही.

होडी ठरवताना नांगराचं आधी बोलून घ्या. खडकावर नांगर टाकून तासभर बसणं म्हणजे एका फेरीत जुनं प्रवाळ मोडणं. वाळूत नांगर किंवा होडी प्रवाहाबरोबर सोडून मासेमारी, यांपैकी काय ते भाडं ठरतानाच सांगा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. किनाऱ्यावरून गळ टाकायला ती लागू होत नाही, पण तो अनेक माशांचा विणीचा काळ आणि खडक निसरडे. कुणी ‘तेव्हाच मासा लागतो’ म्हणत असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

सेटबरोबर येणारी सहा महिन्यांची हमी खाऱ्या पाण्याच्या गंजाला लागू नसते, हे पावतीमागे बारीक अक्षरांत असतं. कोल्हापूरला परतल्यावर त्याच रात्री रील धुवा. ड्रॅगची चकती आवळून गोड्या पाण्याची हलकी धार, नळाचा जोर नको, तो खार आत ढकलतो. सुकल्यावर चकती सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या वायसर दबून पुढच्या खेपेला ड्रॅग अडकतो. बेलची, म्हणजे रीलवर तंगूस गुंडाळून घेणाऱ्या तारेच्या कडीची, स्प्रिंग सर्वांत आधी जाते. ती सुटी मिळते का, हे सेट घेतानाच विचारा. मिळत नसेल तर दुसरं दुकान बघा.