अडकलेला सुळा: तार बरी की अलायनर?

कोथरूडहून वहिनींचा फोन आला. लेक १३ वर्षांची, वरचा सुळा हिरडीत अडकलेला. तार लावू की अलायनर (दातांवर चढवायचा, काढता येणारा पारदर्शक प्लास्टिकचा साचा)?

अशा सुळ्यासाठी मी तारेच्याच बाजूची. हिरडी थोडी उघडून सुळ्यावर बारीक बटण चिकटवतात, त्याला इवलीशी साखळी. ती तारेला बांधून दात महिनोन्महिने हळूहळू खाली ओढतात. नुसत्या अलायनरने हे जमवणं अवघड. खर्चही तारेचा बहुधा कमी. त्रास आहेच: गालाला टोचतं, भाकरवडी-चिक्की बंद.

अलायनर जेवताना निघतो, पण रोज २०-२२ तास घालावाच लागतो. माझ्या भाच्याचा रुमालात गुंडाळलेला डब्याबरोबर हरवला.

दात थोडेच वाकडे आणि मूल शिस्तीचं असेल तर अलायनर चालेल. सुळा अडकलाय, चावा (वरच्या-खालच्या दातांची जुळणी) बराच बिघडलाय, तर तारच. आधी एक्स-रे मात्र काढा, वहिनी.