पीएच उतरवायला बदामाची पानं की आरओचं पाणी?

वाकडच्या भाचीच्या माशांच्या टाकीत बोअरचं पाणी, पीएच (आम्ल-अल्कतेचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) ८, आणि पाळायचेत टेट्रा, म्हणजे किंचित आम्ल पाणी मानवणारे छोटे मासे.

खर्चात पानं जिंकतात: रस्त्याकडेच्या देशी बदामाखाली फुकट पडलेली असतात. वाळलेली, फवारणी नसलेली घ्यावीत. पाणी चहासारखं दिसतं, एवढंच. पण बोअरच्या पाण्यात कार्बोनेटचे क्षार (केएच) भरपूर असले, की ते पानांतलं आम्ल गिळून टाकतात. पीएच जागचा हलत नाही. लिंबू-व्हिनेगरचंही तेच, शिवाय चढउतारांनी मासे हैराण.

आरओचं पाणी मिसळलं की केएचच घटतो, म्हणून उतार टिकतो. मेहनत दर पाणीबदलाला, आणि आरओ पाणी वाया घालवतो ते वेगळंच. निव्वळ आरओ नको. केएच संपला तर पीएच कोसळतो.

नळाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असेल तर पानं पुरेत. बोअरवर टेट्रा हवेत तर आरओ, हळूहळू. गप्पी-मॉलींना दोन्ही नको, त्यांना ८ चालतो.