नऊ महिने रॅप ऐकून फ्रेंच शिकतेय : माझा अनुभव

फ्रेंचची ए-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीची परीक्षा पास झाले तेव्हा पुस्तकातलं सगळं समजायचं. पण ऑफिसच्या कॉलवर लियोंची मंडळी आपापसात बोलायला लागली की सगळं डोक्यावरून जायचं. म्हणून रोज अर्धा तास रॅप सुरू केलं. चाळीसेक सेकंदांचा तुकडा ऐकायचा, कानावर पडेल तसा लिहायचा, मग मूळ शब्दांशी ताडून बघायचा.

सगळ्यात जास्त दिवस रमले ते मार्सेयच्या 'आयॅम' या रॅप गटाच्या 'दमँ सॅ ल्वँ'मध्ये ('उद्या लांब आहे'). 1997चं गाणं, जवळजवळ नऊ मिनिटांचं, ध्रुवपद नाहीच. वस्तीतली पोरं, ड्रग्ज, तुरुंग, झटपट पैशाची ओढ. गटातल्या शुरिकन या रॅपरच्या भागात बऱ्याच ओळींचा शेवटचा शब्द पुढची ओळ उचलते, अगदी मोरोपंतांच्या दामयमकासारखी. 'पूसे' म्हणजे ढकलणं, आणि रोपाचं वाढणंही. एका ओळीत मागून ढकलणारे येतात आणि पुढच्याच ओळीत तोच शब्द काँक्रीटच्या शेतात वाढणं होऊन येतो. हे कळलं त्या रात्री मी ते कितीतरी वेळा ऐकलं. दोन्ही अर्थ आता जन्मात विसरणार नाही.

'वेर्लाँ'ची, म्हणजे शब्द उलटवून बोलण्याच्या फ्रेंच पद्धतीची भीती बाळगू नका. लहानपणी च-ची भाषा बोलला असाल तर अक्षरांची उलटापालट लगेच जमते: 'फाम'चं (बाई) 'मफ', 'लूर'चं (जड) 'रलू'. पैशाला 'ब्ले' म्हणजे गहू, नाहीतर 'ओझेय', आपल्या चुक्यासारखी आंबट पालेभाजी. 'शार्बों' म्हणजे कोळसा, त्यावरून 'शार्बॉने', मरमर राबणं. हा शब्द तर मी रोज वापरते.

त्रासही झाला. निबंधात नकाराचा 'न' गाळला आणि मार्क गेले. रॅपमध्ये 'ज न से पा'चं (मला माहीत नाही) 'शे पा' होतं, तेच हातात बसलं होतं. तेव्हापासून वहीला दोन रकाने: डावीकडे रस्त्याची भाषा, उजवीकडे परीक्षेची. आणि बायकांबद्दलचे काही शब्द इतके घाण असतात की ती गाणी मी सरळ सोडून देते.

'पीएनएल' या रॅप जोडीतले दोघे भाऊ पॅरिसजवळच्या कॉर्बेय-एसोनच्या वस्तीतले. 2019मध्ये त्यांनी थेट आयफेल टॉवरवर गाण्याचं चित्रीकरण केलं. ते बघताना अंगावर काटा येतो, पण आवाज यंत्राने बदलणाऱ्या ऑटोट्यूनमुळे शब्द नीट सुटे होत नाहीत. नवख्यांनी एमसी सोलार या रॅपरपासून सुरुवात करावी. त्याचा उच्चार स्वच्छ आहे, आणि 1994चा 'प्रोझ काँबा' हा अल्बम गाण्यांचे शब्द हातात धरून पहिल्या महिन्यातही ऐकता येतो.