टॅपेटचा आवाज बंद करून दिला, १,२८,१५० रुपयांना पडला

आधी आकडा सांगतो. १,२८,१५० रुपये. त्यातले ८६,८५० एका गॅरेजवाल्याने लाटले आणि ४१,३०० त्याने केलेली घाण निस्तरायला गेले. गाडी उभी राहिली, भाडी बुडाली, हप्ता थकला, ते यात धरलेलंच नाही.

गाडी दहा चाकी. टाटा-कमिन्सचं सहा सिलिंडर, बारा वाल्वचं जुनं इंजिन, साडेसहा लाख किलोमीटरच्या वर चाललेलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल भरायची, बोरघाट चढून चाकणला उतरवायची. एकच गाडी आहे आणि चालवतोही मीच. गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवलं (स्लोवर) की टॅपेट, म्हणजे वाल्व उघडणारी जोडणी, वाजायला लागलं होतं. एवढ्या चाललेल्या गाडीत रॉकर, म्हणजे वाल्व दाबणारे छोटे दांडे, झिजतात, वाजणारच. बाजाराच्या मागच्या रस्त्यावरचा एक गॅरेजवाला (नाव घेऊ नको असं वकिलाने बजावलंय) म्हणाला, "शेठ, तासाभरात आवाज बंद करून देतो."

दिला की! इंजिन एवढं गप्प झालं की मीच खूश होऊन पोरांना चहाला पन्नास रुपये दिले. बिल असं: टॅपेट सेटिंग ४,५००, रॉकर ६,२००, टॅपेट कव्हरची सहा पॅकिंग १,८००, ऑइल २,३५०. एकूण १४,८५०. कच्च्या कागदावर, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. "पक्कं हवं असेल तर अठरा टक्के वर," म्हणाला. आता सांगा, कोण वर देतं?

त्या तासाभरातली एक गोष्ट मला आजही झोपू देत नाही. गाडी घाट उतरून थेट गॅरेजवर गेली होती. बॉनेटजवळ हात धरवत नव्हता. तशाच गरम इंजिनची कव्हरं त्याने उघडली. सेटिंग म्हणजे रॉकर आणि वाल्वमधला गॅप बसवणं, या इंजिनचं ते थंड असतानाच करायचं असतं, साठ डिग्रीच्या खाली. हवा आत घेणाऱ्या इनटेक वाल्वला ०.२५ मिलिमीटर, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला ०.५१. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणायचा, तिथे इनटेकचे १, २, ४ आणि एक्झॉस्टचे १, ३, ५ करायचे. मग क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून इनटेकचे ३, ५, ६ आणि एक्झॉस्टचे २, ४, ६. प्रत्येक ठिकाणी फिलर गेजची (गॅप मोजायची) पत्ती घालायची, ती किंचित अडखळत सरकली पाहिजे, आणि लॉक नट आवळल्यावर पुन्हा घालून बघायची, कारण नट आवळताना स्क्रू फिरतो. त्याच्या हातात पत्तीच नव्हती! पाना आणि स्क्रू ड्रायव्हर, बस्स. मी विचारलं सुद्धा, "उस्ताद, गेज?" तर हसला. "शेठ, पंचवीस वर्षं झाली, हाताला कळतं."

आणि मी गप्प बसलो. का बसलो? रात्री लोडिंग होतं, पार्टीचे फोनवर फोन येत होते, आणि पंचवीस वर्षं म्हटल्यावर माणूस काय बोलणार? आमच्या धंद्यात मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून प्रश्न विचारले तर पुढच्या वेळी तो गाडीला हात लावत नाही. तुम्हीही हेच केलं असतं.

त्याने केलं काय, तर बाराच्या बारा टॅपेट गॅप न ठेवता आवळून टाकले. सैल टॅपेट बोंबलतं, आवळलेलं गप्प बसतं आणि आतून वाल्व जाळतं. एक्झॉस्ट वाल्व सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, टेकला की तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये (वाल्व बसतात तो इंजिनचा वरचा भाग) उतरते. गॅपच नसेल तर तो पुरता टेकत नाही, कडेने जळता गॅस निसटतो आणि वाल्वची कड खाल्ली जाते. जुन्या गाडीत सीट झिजून वाल्व वर सरकतो, म्हणजे असलेला गॅपही कमीच होत जातो. त्यामुळे थोडी टकटक करणारी गाडी बरी, पण साडेसहा लाख चाललेलं इंजिन अचानक शिवणयंत्रासारखं चालायला लागलं तर खूश होऊ नका, कव्हर उघडा.

पुढचं ओळखलंच असेल. सकाळी स्टार्टिंगला त्रास, पांढरा धूर, मग लोड घेऊन खंडाळ्याच्या चढाला गाडी रडायला लागली. परत त्याच्याकडेच गेलो, कारण काम त्याचंच होतं. त्याने कपाळाला हात लावला. "शेठ, हेड गेलं. एवढ्या किलोमीटरला जाणारच." ७२,००० सांगितले. ३०,००० आधी यूपीआयने, उरलेले गाडी सोडताना रोख मागितले. हेड खाली उतरवल्यावर गाडी त्याच्या ताब्यात, भाव कसला करणार? नवे वाल्व, नवे गाइड, हेड फेसिंग असं सगळं लिहून दिलं. जुने वाल्व मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला."

जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे सुटे करू नका. यासाठी कोणाशीही भांडा.

धूर काही थांबला नाही. शेवटी तुर्भ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हेड परत उतरवलं. वाल्व जुनेच होते, लॅपिंग मारून (नुसते घासून) बसवलेले, मानेवर जुना कार्बन तसाच. रॉकरही जुनेच, टोकाला खड्डे पडलेले. पॅकिंग कडक झालेली, वरून सिलिकॉन फासलेलं. खरं काम ४१,३०० मध्ये झालं, वाल्व माझ्यासमोर डब्यातून काढले. सेटिंग त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी केलं, इंजिन थंडगार असताना, पत्ती घालून. थोडा आवाज राहिला. "राहू दे," म्हणाले.

आता आपल्या सरकारी लोकांचं ऐका. पोलिसांनी आधी हद्दीवरून फिरवलं. रस्त्याची ही बाजू आमची, ती त्यांची. मग एका साहेबांनी बिल बघितलं. "गाडी तुम्ही दिली, पैसे तुम्ही दिले, काम झालं. यात फसवणूक कुठे? दिवाणी मॅटर आहे." अहो, न बसवलेल्या पार्टचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? पूर्वी चारशेवीस म्हणायचो, आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, कलम बदललं, पोलिसांचं उत्तर तेच. खूप वाद घातल्यावर अदखलपात्र म्हणून नोंद घेतली आणि कागद हातात दिला. त्या कागदाचं काय करू? पॅकिंग म्हणून लावू?

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर पहिला प्रश्न, "गाडी धंद्याची ना? मग तुम्ही ग्राहक नाही." मी माघारी फिरलो. नंतर वकिलाने सांगितलं की २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. एक गाडी, चालक मीच, म्हणजे मी ग्राहक. पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसावं? की माहीत असून हाकलतात? परत गेलो तर तज्ज्ञाचा अहवाल मागितला. विम्याचा सर्व्हेअर म्हणतो हा अपघात नाही. सरकारी मोटार निरीक्षक म्हणतो हे आमचं काम नाही. आमच्या ट्रकवाल्यांच्या संघटनेचे पदाधिकारी म्हणतात, "मिटवून घ्या, तोही आपलाच माणूस आहे." मग मी कोणाचा माणूस? वर्गणी कोणाला देतो मी?

फिलर गेज स्वतःचा घ्या, केबिनमध्ये ठेवा. वर दिलेले आकडे माझ्या इंजिनचे आहेत, तुमच्या इंजिनच्या पुस्तकात बघा. कव्हर उघडलं की मोबाईलवर व्हिडिओ काढा, मिस्त्री चिडला तर तिथूनच गाडी परत न्या. अठरा टक्के वाचवायला गेलात की पुरावाही गेला. पैसे यूपीआयनेच द्या. माझे रोखीतले ४२,००० आयोगापुढे सिद्ध करायला मला आता साक्षीदार शोधावा लागतोय.

तुर्भ्याच्या मिस्त्रींनी लेटरहेडवर लिहून दिलंय, जळके वाल्व आणि झिजलेले रॉकर मी पोत्यात बांधून ठेवलेत. लोखंड बाजाराच्या मागे हेडचं काम केलेल्या कोणाची गाडी महिन्या-दोन महिन्यांत धूर मारायला लागली असेल तर कच्चं का होईना, बिल जपून ठेवा आणि मला सांगा. दोघे-तिघे असलो तर आयोगात एकत्र जाऊ.