जाम नटांचा परदेशी स्प्रे: तेल झकास, चिठ्ठी भिकार

सांगलीजवळ कुपवाडला माझं पंप-मोटार दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. नदीकाठचे फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप), फ्लँज, पाइप हे रोजचंच काम. 2019 च्या पुरात बुडालेलं सामान अजूनही कुणीतरी उघडायला घेऊन येतं, आणि त्याचे नट पाना लावला की नुसते हसतात. आजवर आम्ही रॉकेल नाहीतर डिझेल मारत आलो. या वेळी परदेशी स्प्रे आणला, 400 मिलीचा, साडेपाचशे रुपयांना.

डब्यावर पाच-सहा युरोपी भाषा. त्यांच्यावर इथल्या विकणाऱ्याने चिकटवलेला मराठी कागद: ‘भेदक तेल. नट दहा मिनिटे भिजत घालावा.’ भेदक म्हणजे काय, क्षेपणास्त्र आहे का? आणि भिजत घालतात ती मटकी. पण आमच्या नव्या पोराने कागद प्रमाण मानला. चार बोल्ट डालड्याच्या डब्यात टाकले आणि ते बुडेपर्यंत स्प्रे मारत बसला. अर्धा डबा खलास. त्याला काय बोलणार, लिहिलंय तसंच केलं त्याने.

रात्री डबा घरी नेला. लेक जर्मन शिकते. तिने कागदाचा कोपरा सोलून खालचं वाचलं आणि हसायलाच लागली. इंग्रजीत ‘पेनिट्रेटिंग ऑइल’ आहे, त्याचं झालं भेदक. जर्मन मात्र याला ‘क्रीश्योल’ म्हणतात, म्हणजे सरपटणारं तेल. डचांचंही तेच, सरपटणारं. फ्रेंच ‘देग्रिपाँ’, म्हणजे जाम सोडवणारं. इटालियनही त्याच अंगाचं. स्पॅनिश सगळ्यात बिनधास्त: ‘आफ्लोखातोदो’, सगळं ढिलं करणारं! हा शब्द मी दुकानाच्या पाटीवर लावीन म्हणतोय.

नाव जर्मनांचं बरोबर, हे माझं मत. तेल काही भेदत नाही. पातळ असतं, आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत चढतं तसं. उलट्या बाजूनेही चढतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तर नट आवळून बसतो. त्या गंजाच्या भुकटीत तेल शिरलं की पकड सुटते.

आणि ते ‘भिजत घालावा’? जर्मनमध्ये तिथे ‘आइनविर्केन लासेन’ आहे, तेलाला त्याचं काम करू द्या. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्येही तसंच. डाळ भिजवायला जर्मनांचा शब्द वेगळा, ‘आइनवाइशेन’. त्यात मऊ होणं आहे. लोखंड कुठलं मऊ होतंय! लेकीने आणखी एक सांगितला तो फार आवडला: ‘ट्रिंकेन’ म्हणजे पिणे, त्यावरून ‘ट्रेंकेन’, एखादी वस्तू तेलात-पाण्यात मुरवणे. म्हणजे पाजणेच की. आपण लाठीला तेल पाजतो, तेच. एवढं सगळं घरात असताना कागद लिहिणाऱ्याला ‘मुरू द्या’ सुचू नये? लोणचं मुरतं, ताप अंगात मुरतो, व्यवहारात पाणी मुरतं, मग नटात तेल मुरायला काय हरकत आहे?

आता काम. हरिपूरकडच्या एका शेतकऱ्याचा फूट व्हॉल्व्ह, आठ नट, सगळे जाम. तारेच्या ब्रशने घासले, उरलेला स्प्रे मारला, हातोडीने हलके ठोके दिले (ठोक्याने फट मोकळी होते, हे डब्यावर कुठल्याच भाषेत नाही). दहा मिनिटांनी पाना लावला: एकच सुटला. मग पुन्हा मारून रात्रभर ठेवलं. सकाळी आणखी पाच सुटले, तेही आटे शाबूत ठेवून. एक तुटला. शेवटच्याला गॅस कटर लावला. त्याआधी तेल पुसून फडकं लांब टाकलं, हे पेट घेतं.

डिझेलने एका रात्रीत आठातले सहा मला कधी मिळाले नाहीत. तेलाला पाचपैकी चार. नळी टोपीला नीट अडकत नाही, ती पहिल्याच दिवशी हरवली, त्याचा अर्धा कापला. मराठी कागदाला शून्य. दुसरा डबा आणलाय, त्यावरचा कागद खरवडून पोराने स्वतःच मार्करने लिहिलंय: ‘मारा, ठोका, मुरू द्या. डालड्याच्या डब्यात नाही.’