खोली खोटी होती, पासपोर्ट खरे होते

म्युनिकमधल्या त्या इमारतीच्या दाराशी बेलची सोळा बटणं होती. मी सोळाही वाचली, दोनदा. प्रत्येक बटणाशेजारी एक आडनाव, आणि माझ्या भाडेकरारावरचं घरमालकिणीचं आडनाव त्यात कुठेच नाही. सप्टेंबर २०२३ चा शेवटचा आठवडा होता. जवळ दोन बॅगा, पाठीवर सॅक आणि फोनमध्ये पत्ता : तिसरा मजला, फ्लॅट नंबर १२. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतात, टपालसुद्धा बेलवरच्या आडनावावर येतं, हे मला तिथे उभं राहून कळलं. या ज्ञानाची फी १,४४० युरो.

कचऱ्याचा डबा आत घेऊन जाणारे एक आजोबा थांबले. मी त्यांना फोनवरचा करार दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "शोन वीडर आइनर." माझं जर्मन कच्चं असलं तरी एवढं समजलं : परत एक आला! त्या महिन्यात त्या दाराशी बॅगा घेऊन आलेला मी तिसरा होतो.

आता सुरुवातीपासून सांगतो. ॲडमिशनचं पत्र जूनमध्ये आलं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, तेव्हाच्या नियमाप्रमाणे ११,२०८ युरो भरले. त्यातून महिन्याला ९३४ युरो हातात येणार, आणि त्यातच भाडं, इन्शुरन्स, खाणं, सगळं बसवायचं. स्टुडंट डॉर्मची वेटिंग लिस्ट सेमेस्टरमध्ये मोजायची. शेअर्ड फ्लॅटमधली खोली सातशेच्या खाली मला एकही दिसली नव्हती. रोज रात्री वीस-वीस मेसेज पाठवायचो. दहा दिवसांत एखादं उत्तर यायचं, तेही 'खोली गेली' असं.

अशात ४८० युरोंची खोली दिसली. हीटिंगसकट. यू-बानचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन चालत पाच मिनिटांवर. माझ्या मेसेजला तासाभरात उत्तर आलं. आपण नोकरीसाठी स्पेनला असतो, फ्लॅट रिकामा पडलाय, भाडं महत्त्वाचं नाही, नीट राहणारा विद्यार्थी हवा, असं एका बाईने लिहिलं होतं. घाई काहीच नाही. उलट तिनेच मला प्रश्न विचारले : सिगारेट ओढतोस का, कुठला कोर्स, आई-वडील काय करतात. मला वाटलं, इंटरव्ह्यू चाललाय आणि मी पास व्हायला हवं. पैसे मागणारी ती होती आणि पसंत पडायची धडपड माझी चालली होती.

लोक म्हणतात, स्वस्ताच्या हावेपायी फसला. थोडं खरं आहे. पण मी गिळलेला गळ वेगळाच होता. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक फॉर्म लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हे एका दमात म्हणता यायला मला महिना लागला. नोंदणी नाही तर टॅक्स नंबर नाही आणि पुढे रेसिडन्स परमिटचंही अडतं. बरेच लोक खोली देतात पण हा फॉर्म देत नाहीत. या बाईने मी विचारायच्या आत लिहिलं : अनमेल्डुंगची काळजी करू नकोस, फॉर्म सही करून पाठवते. आणि खरंच पाठवला. इतकी माहिती असलेली बाई चोर कशी असेल, असा माझा हिशेब. अहो, चोराला नाही तर कोणाला माहिती असणार? त्याचा धंदाच तो.

मग तिने स्वतःच्या पासपोर्टचा स्कॅन पाठवला. 'मी माझा देते, तू तुझा दे, म्हणजे दोघांनाही विश्वास.' मी पहिलं पान पाठवलं आणि न मागता शेवटचंही पाठवलं, ज्यावर आई-वडिलांची नावं आणि घरचा पत्ता असतो. ही चूक १,४४० युरोंपेक्षा मोठी होती, पण ते नंतर.

दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं. खातं स्पेनमधलं, पण नाव वेगळंच. 'मिस्टरांचं आहे' म्हणाली. बाबांनी बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला आणि रक्कम पाठवली. जर्मन कायद्यात डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'थंड' भाड्याइतकं घेता येतं. हीटिंग वगैरेचे पैसे त्यात धरायचे नसतात. शिवाय भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क असतो आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. म्हणजे किल्ली बघण्याच्या पाच आठवडे आधी सगळी रक्कम मागणं यातच काहीतरी चुकत होतं. हे मी वाचलेलं नव्हतं. करार मात्र तीनदा वाचला, इंग्रजी बाजू. जर्मन बाजू इंग्रजीशी जुळत नव्हती, हे नंतर एका वर्गमित्राने दाखवलं.

त्या संध्याकाळी राहायचं कुठे? म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे बिअरची मोठी जत्रा, चालू होता, त्या वर्षी १६ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर. या दिवसांत साध्या हॉस्टेलमधल्या बंकबेडचा भावही हॉटेलसारखा होतो. सेमेस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि विद्यार्थी नेमके याच दिवसांत येऊन थडकतात. मी दहा जणांच्या खोलीत वरचा बेड घेतला. खाली कोणीतरी चामड्याच्या चड्डीतच घोरत होतं.

फोन चार्ज करायला गेलो तेव्हा हात तिथेच थांबला. भिंतीतलं सॉकेट गोल, खोलगट, शेजारी बटण नाही. मी जाहिरातीतले फोटो उघडले. माझ्या त्या सुंदर खोलीत, पलंगाच्या उशाशी, चौकोनी सॉकेट होतं. तीन चपटी भोकं आणि बाजूला बटण. ब्रिटिश. ती खोली जर्मनीतली नव्हतीच! महिनाभर मी ते फोटो झूम करून बघत होतो, टेबल कुठे ठेवायचं ते ठरवत होतो. सॉकेट दिसत होतं, पण खटकलं नाही. आपल्याकडेही सॉकेटशेजारी बटण असतंच ना.

बाकीचं पटकन उरकतो. बाबांच्या बँकेने पैसे परत मागवण्याची विनंती पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की खात्यात काही शिल्लक नाही. पोलिसांत तक्रार दिली, ती तिथे ऑनलाइनही देता येते. अधिकारी सभ्य होते, फाइलचा नंबर दिला. जानेवारीत सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं पत्र आलं : आरोपी सापडत नाही, तपास थांबवत आहोत. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांतल्या बँकांना पैसे जाण्याआधी खातं आणि नाव जुळतं का हे पाठवणाऱ्याला सांगावं लागतं. पण भारतातून पाठवलेल्या पैशांना ती सोय लागू नाही, आणि नाव जुळलं म्हणजे माणूस खरा असंही नाही.

फेब्रुवारीत इन्स्टाग्रामवर एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. मराठीत. "दादा, स्टुटगार्टची खोली तुमचीच ना? इंटर्नशिपला कधी निघताय?"

मी कधी स्टुटगार्टला गेलोही नव्हतो. तिने स्क्रीनशॉट पाठवले. त्यात माझा पासपोर्ट होता, माझा फोटो, माझी सही, शेवटच्या पानावर आईचं नाव. 'मी' तिला लिहिलं होतं की सहा महिने बाहेरगावी जातोय, खोली एखाद्या आपल्या माणसालाच द्यायचीय. तिने पैसे अजून दिले नव्हते. आडनाव बघून विश्वास बसला होता, फक्त मराठीत लिहिलं की 'दादा' इंग्रजीतच उत्तर देतो, एवढं तिला खटकलं, म्हणून तिने मला शोधलं.

तेव्हा मला त्या 'घरमालकिणी'चा पासपोर्ट आठवला. माझ्या फोनमध्ये तो 'चोर' नावाच्या फोल्डरमध्ये होता आणि मी पाच महिने त्या चेहऱ्याला शिव्या घालत होतो. तीही बहुधा कुठल्यातरी खोलीसाठी पैसे भरून बसलेली. फोल्डरचं नाव बदललं. दुसरं काय ठेवायचं ते सुचेना, म्हणून नुसतं टिंब ठेवलं.

ओळखपत्राच्या गैरवापराची वेगळी तक्रार दिली. म्युनिकला भारताचं कॉन्सुलेट आहे, तिथे चौकशी करून पासपोर्ट नवा काढला. नंबर बदलला, पण जुना स्कॅन कुठे-कुठे फिरतोय ते थांबवता येत नाही. हल्ली कोणाला कॉपी द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहितो : फक्त अमुक पत्त्याच्या खोलीसाठी, अमुक तारीख, नंबर झाकतो आणि शेवटचं पान देत नाही. खोली बघायला त्या शहरातला कोणी विद्यार्थी जाऊ शकत नसेल, तर व्हिडिओ कॉलवर मालकाला जिना उतरून बेलच्या पाट्या दाखवायला सांगा. खरा माणूस जरा वैतागेल, पण दाखवेल. पहिला महिना महागडा गेला तरी चालेल, तिथे पोहोचून किल्ली हातात आल्यावरच पैसे द्या.

मुलीने पैसे वाचवले, तिला नंतर डॉर्ममध्ये जागाही मिळाली. पण तो 'मी' अजून धंद्यात आहे. गेल्या महिन्यात बर्लिनमधल्या खोलीबद्दल एकाने विचारलं. तेव्हा इंटर्नशिपला निघालेल्या एखाद्या मराठी मुलाची खोली तुम्हाला पासपोर्टसकट मिळत असेल, तर पैसे पाठवण्याआधी त्या फोटोतल्या माणसाला शोधून एक मेसेज टाका, मराठीत. फोटोत मी असलो तर उत्तर लगेच देईन.