बर्डीवरचं कॉम्प्युटर सर्व्हिसचं दुकान, आमचा नवा प्रिंटर आणि ‘ॲक्सेस डिनाइड’

प्रिंटर बिघडला की कळतं. कागद अडकतो, ड्रम जातो, टोनर संपतो, लाल दिवा लागतो. आमचा प्रिंटर नवाकोरा होता, चालू होता, त्याच्या छोट्या पडद्यावर ‘रेडी’ लिहिलेलं होतं, आणि ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरवरून त्यावर पान निघत नव्हतं. कुठूनही जोडायला जा, उत्तर एकच: ‘ॲक्सेस डिनाइड’. हे ज्या दुकानाने निस्तरलं त्याला मी पाचपैकी चार तारे देतेय. पाचवा का कापला तेही लिहिते.

मी नागपुरात धरमपेठेत एका सीएच्या ऑफिसात मॅनेजर आहे. ऑडिट सरांचं आणि पोरांचं, बाकी सगळं माझ्याकडे: चहा, कुरिअर, एसी, इंटरनेट आणि प्रिंटर. हे सगळं सप्टेंबरच्या तोंडावर झालं. ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिट रिपोर्टची तारीख, त्यामुळे त्या महिन्यात आमच्याकडे कोणाचंच डोकं जागेवर नसतं. रिटर्न, रिपोर्ट सगळं ऑनलाइन झालंय हे खरं, पण पार्टी सही करायला आली की तिच्यासमोर कागदच ठेवावा लागतो.

आमच्या मागच्या खोलीत एक सर्व्हर आहे. त्यावर लिनक्स आहे आणि सांबा. सांबा म्हणजे लिनक्सच्या मशीनला विंडोजच्या कॉम्प्युटरांशी त्यांच्याच पद्धतीने बोलायला लावणारं फुकट सॉफ्टवेअर. फायली त्यावरच, आणि प्रिंटरचे ड्रायव्हरही (कॉम्प्युटरला तो प्रिंटर वापरता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) त्यावरच. सोय अशी की ड्रायव्हर एकदा सर्व्हरवर चढवला की प्रत्येक कॉम्प्युटर तो तिथून स्वतः उचलतो, सीडी घेऊन टेबलाटेबलाशी फिरावं लागत नाही. ही सोय चालते तोवर तिच्याकडे कोणी बघतही नाही.

आधीचा सर्व्हिसवाला (नाव घेत नाही) येऊन गेला होता. त्याला ड्रायव्हर सर्व्हरवर चढवताच आला नाही. जाताना दोन उपाय सांगून गेला: सगळ्यांना ॲडमिन (मशीनवर सगळे हक्क असलेला युजर) करून टाका, किंवा विंडोजचे अपडेट बंद ठेवा. आमच्याकडे आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी, पोरं सतत बदलतात, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर पार्ट्यांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं असतात. प्रत्येक पोराला ॲडमिन करायचं असेल तर मग तिजोरीही उघडीच ठेवू. म्हणून बर्डीवरच्या या दुकानात फोन केला. ओळखीच्या एका वकिलांच्या ऑफिसने नंबर दिला होता.

पहिली तक्रार इथेच नोंदवते. फोन पटकन उचलत नाहीत. उचलला की ‘मॅडम, पोरगा निघाला’ म्हणतात, आणि पोरगा निघालेला नसतो. आम्हाला दिलेला दिवस नेमका मारबतीचा, म्हणजे पोळ्यानंतरच्या मिरवणुकीचा, निघाला. पोरगा महालात राहतो. मारबतीच्या दिवशी त्या भागातून गाडी काढायची म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. तो आला दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, अरे, ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत म्हणताना आमच्या प्रिंटरचंही नाव घ्यायचंस. तर म्हणाला, ‘मॅडम, ते तुमच्या आधीच्या माणसाने करून ठेवलंय, मारबतीच्या बापाच्यानं नाही जात.’

पोरगा पंचविशीतला असेल. मला आवडलं ते हे की त्याने सर्व्हरला आधी हातच लावला नाही. एका आर्टिकलच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याच्याच साध्या लॉगिनने सर्व्हरचा पत्ता टाकला आणि ‘प्रिंट डॉलर’ नावाचा फोल्डर उघडला. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असलं की तो फोल्डर यादीत दिसत नाही, पत्ता माहीत असेल तरच उघडतो. ड्रायव्हर तिथेच असतात. फोल्डर उघडला. मग त्याने आत एक रिकामी टेक्स्ट फाइल करून बघितली. नकार. ‘हे बरोबर आहे,’ म्हणाला. ‘यानं वाचायचंच आहे, लिहायचं नाही. आता ज्यानं लिहायचं आहे तो लिहू शकून राहिला का ते पाहू.’

मग सरांच्या मशीनवर प्रिंट मॅनेजमेंट उघडून सर्व्हर जोडला आणि ॲडमिनच्या नावाने ड्रायव्हर चढवायला घेतला. पुन्हा ‘ॲक्सेस डिनाइड’. आधीचा माणूस इथेच हरला होता. या पोराने मला शेजारी बसवून दाखवलं की नकाराची पाटी एकच असली तरी नकार देणारे दोघे आहेत. एक सांबा. ड्रायव्हर चढवण्याचा हक्क सांबात वेगळा द्यावा लागतो, त्याचं नाव ‘एसई प्रिंट ऑपरेटर प्रिव्हिलेज’. नुसतं ॲडमिन नाव असून भागत नाही. त्याने ‘प्रिंटॲडमिन’ असा गट केला, त्यात एकच युजर टाकला आणि गटाला तो हक्क दिला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा नकार. मी घड्याळाकडे बघितलं. तो म्हणाला, ‘होणारच होतं.’ कारण दुसरा नकार खुद्द लिनक्सचा. ड्रायव्हरचा फोल्डर रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या मुख्य ॲडमिनच्या, मालकीचा होता, बाकीच्यांना फक्त वाचण्यापुरता उघडा. फोल्डर त्याने गटाच्या नावावर केला आणि २७७५ अशी परवानगी लावली. यातल्या सुरुवातीच्या ‘२’ या आकड्याचा अर्थ असा की आत जी नवी फाइल येईल ती आपोआप त्याच गटाची होईल. नाहीतर उद्या दुसऱ्या कोणी ड्रायव्हर चढवला की परत हेच रडगाणं.

हक्क आणि फोल्डर दोन्ही जुळल्यावर नकाराची पाटी गेली. तरी ड्रायव्हर चढेना, पण आता कारण परवानगीचं नव्हतं. प्रिंटरसोबत आलेला ड्रायव्हर व्हर्जन चारचा होता, सांबा व्हर्जन तीनचेच घेतो. कंपनीच्या साइटवरून युनिव्हर्सल ड्रायव्हर उतरवला, तो व्हर्जन तीनचा निघाला, आणि तो बिनबोभाट चढला.

पुढची एक गोष्ट कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. ड्रायव्हर चढल्यावर तो त्या प्रिंटरला लावायचा असतो. त्यासाठी प्रिंटरची प्रॉपर्टीज उघडली की विंडोज विचारतं, हा ड्रायव्हर तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, टाकू का? तिथे सवयीने ‘येस’वर बोट जातं. ‘नो’ दाबायचं. आपल्याला तो ड्रायव्हर सर्व्हरवरच्या प्रिंटरला लावायचा आहे, आपल्या मशीनवर टाकायचा नाही. माझं बोट ‘येस’कडे निघालं होतं, पोराने माउसच उचलून घेतला.

मला वाटलं झालं. तर आर्टिकलच्या मशीनवर प्रिंटर जोडताना नवंच: ‘या प्रिंटरवर तुमचा विश्वास आहे का?’ आणि खाली ॲडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी. इथे मी चिडले. आत्ता तर सगळ्या परवानग्या दिल्या ना? पोरगा म्हणाला, त्या सर्व्हरच्या होत्या, ही तुमच्या मशीनची आहे.

हा भाग मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण आधीच्या माणसाच्या ‘अपडेट बंद करा’चं मूळ इथे आहे. २०२१च्या जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं (छपाईची कामं रांगेत लावणारा भाग) एक मोठं भोक जगजाहीर झालं. ‘प्रिंट नाइटमेअर’ नावाने ते गाजलं. स्पूलर मशीनच्या सगळ्यात वरच्या हक्काने चालतो. त्यामुळे साध्या युजरने ड्रायव्हरच्या नावाखाली भलतंच काही आत सोडलं तर अख्खं मशीन त्याच्या हातात जाऊ शकत होतं. म्हणून १० ऑगस्ट २०२१च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने नियमच बदलला: सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवून टाकायचा तर ॲडमिनच पाहिजे. हा नियम रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एका ठिकाणी एकचा शून्य केला की उठतो. आमच्या काही मशीनवर तो शून्य करून ठेवलेला सापडला. कोणी केला ते विचारायची गरज नव्हती. शिवाय २०२१च्याच सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेवटी ‘११बी’ असलेला जो एरर सगळीकडे येऊ लागला, त्यावरचा रजिस्ट्रीचा जुगाडही एका मशीनवर होता. तोही सुरक्षा कमी करूनच चालणारा.

पोराने सगळे शून्य परत एक केले. मग ॲडमिन लॉगिनने प्रत्येक मशीनवर ‘पीएनपी युटिल’च्या एका कमांडने ड्रायव्हर आधीच भरून ठेवला. ड्रायव्हर मशीनवर असला की साध्या युजरला तो सर्व्हरवरून आणावा लागत नाही, नुसता प्रिंटर जोडायचा असतो, आणि तेवढं त्याला जमतं. आमच्याकडे डोमेन (सगळी मशीनं एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था) नाही, त्यामुळे हे एका जागी बसून होणारं काम नव्हतं. प्रत्येक टेबलाशी गेला, पोरांना उठवलं, पोरं गॅलरीत जाऊन फोन बघत बसली. दुपार गेली. वैतागले, पण ‘सगळ्यांना ॲडमिन करून टाकतो, पाच मिनिटांत होते’ असं तो एकदाही म्हणाला नाही. माझ्या चार ताऱ्यांतले दोन तरी याचेच आहेत.

एक नवा लॅपटॉप उरला होता, विंडोज ११चं २४एच२ हे व्हर्जन असलेला. त्यावरून सर्व्हरच दिसेना. जुनी मशीनं सर्व्हरवर ‘गेस्ट’ म्हणून नाव न सांगता घुसत होती. हे नवं व्हर्जन गेस्ट म्हणून जायलाच तयार नसतं. त्याने सर्व्हरवर रीतसर युजर केला आणि काम झालं. जुन्या मशीनपैकी एक तरीही हट्टाने नकार देत होतं. क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोजची पासवर्ड साठवायची जागा) उघडला तर त्यात नोकरी सोडून गेलेल्या एका आर्टिकलचं नाव आणि त्याचा जुना पासवर्ड जपून ठेवलेला. मशीन इमानदारीने रोज त्याच्या नावाने दार वाजवत होतं. ती नोंद पुसली, नवी टाकली, प्रिंटर जोडला गेला.

आता कापलेला तारा.

पहिलं पान निघायला हवं तर प्रिंटर लेटर साइजचा कागद मागू लागला. भारतात लेटर कोण वापरतं? पोराने सेटिंगमध्ये जाऊन एफोर केलं, त्या मशीनवर पान निघालं, तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकी सगळ्या मशीनवर पुन्हा लेटर. फोन, ‘पोरगा निघाला’, वगैरे. झालं असं होतं की त्याने ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये एफोर केलं होतं, ते फक्त त्या एका युजरपुरतं असतं. सगळ्यांसाठी करायचं तर ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये, आणि तेही प्रिंटर मॅनेज करायचा हक्क असलेल्या नावाने. चूक त्यांची, पण दुसऱ्या व्हिजिटचेही सातशे रुपये आणि वर जीएसटी लावले. मी मालकांना फोन करून वाद घातला. त्यांनी अर्धे कमी केले, ते सुद्धा ‘मॅडम, तुम्ही आहात म्हणून’ असं ऐकवून. मी नसते तर पूर्ण घेतले असते का?

आणखी एक. पोराने ॲडमिनचा पासवर्ड मला खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडून विचारला. सगळी पोरं बसलेली. मी जाऊन चिठ्ठीवर लिहून दिला आणि तो गेल्यावर बदलून घेतला. सुरक्षेवर इतकं व्याख्यान देणाऱ्याने एवढं तरी पाळावं.

बिलासोबत हाताने लिहिलेली जॉबशीट देतात. अक्षर डॉक्टरांसारखं, पण काय बदललं, कुठे बदललं, कोणत्या गटाला काय हक्क दिला हे सगळं त्यात होतं. माझ्या इतक्या वर्षांत असं लिहून देणारं हे पहिलं दुकान. वर्षाच्या एएमसीचा (देखभालीच्या कराराचा) भाव त्यांनी दिलाय. तो जास्त वाटला म्हणून सरांच्या टेबलावर तसाच आहे. ऑक्टोबरात बोलू असं सर म्हणाले आहेत.

तुमच्याकडे एकच कॉम्प्युटर आणि एकच प्रिंटर असेल तर इथे पैसे घालवू नका, वायर लावा. सर्व्हर असेल, पाच-सात माणसं त्याच प्रिंटरवर असतील आणि कोणी ‘सगळ्यांना ॲडमिन करा’ म्हणत असेल, तर यांना बोलवा. सकाळची वेळ मागा, आणि पोरगा जायच्या आधी किमान दोन वेगवेगळ्या मशीनवरून एफोरचं पान काढून घ्या.